जुना जागतिक चित्रपट पाहून त्याविषयी कसे लिहावे आणि कसे बोलावे

एखादा जुना जपानी किंवा इराणी चित्रपट पाहून आपण उठतो तेव्हा मनात पुष्कळ काही दाटलेले असते. पण कोणी ‘कसा वाटला?’ असे विचारले की ‘जरा संथ आहे, पण छान आहे’ एवढेच तोंडातून निघते. ही अडचण शब्द कमी पडण्याची नसते. आपण काय पाहिले आणि काय ऐकले हे मनाशी नोंदवण्याआधीच आपण मत देऊ लागतो, म्हणून ते मत पोकळ राहते. पुढे सांगितलेली सारी पद्धत एकाच क्रमावर उभी आहे : आधी पाहिलेले सांगावे, वाटलेले त्यानंतर.

उदाहरणासाठी मी मुख्यतः एकच चित्रपट घेतला आहे, तो म्हणजे जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’. ओनोमिची या बंदराच्या गावाहून वृद्ध आईवडील टोकियोतल्या मुलांना भेटायला येतात, मुले आपापल्या व्यापात असतात, आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत आई जाते, एवढेच त्याचे कथानक आहे. ज्यांना तो काही न कळता पाहायचा असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग पुढे वाचावे, कारण शेवटाविषयीही मी इथे मोकळेपणाने लिहिणार आहे.

पाहण्याआधी

पहिलीच निवड तीन तासांच्या अवघड चित्रपटाची करू नये. फरूग फर्रुखजाद या इराणी कवयित्रीने १९६२ मध्ये तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत केलेला ‘द हाउस इज ब्लॅक’ हा लघुपट सुमारे वीस मिनिटांचा आहे आणि सरावाला त्याच्याइतका योग्य चित्रपट मला दुसरा माहीत नाही. एक पुरुषी आवाज रोगाची माहिती देतो आणि फर्रुखजाद यांचा स्वतःचा आवाज कविता म्हणतो. या दोन आवाजांमधला फरक ज्याने कानाने टिपला त्याच्या हाती टिपणाचा पहिला मुद्दा आपोआप येतो.

चित्रपट निवडल्यावर त्याची कोणती प्रत आपल्यापुढे आहे ते तपासावे. फ्रिट्झ लांग यांचा १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन चित्रपट प्रदर्शित झाल्यावर लवकरच कापला गेला आणि कित्येक दशके जगाने तो तुटक रूपातच पाहिला. २००८ मध्ये ब्युनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात त्याची अधिक लांब प्रत सापडली आणि २०१० मध्ये तिच्या आधारे नवी आवृत्ती तयार झाली. त्यामुळे ‘मधले कथानक तुटल्यासारखे वाटते’ असे या चित्रपटाविषयी कोणी लिहिले, तर तो दोष लांग यांचा की कापलेल्या प्रतीचा, हे प्रत कळल्याशिवाय सांगता येत नाही. लांबीतला प्रत्येक फरक मात्र कापाकापीचा नसतो. सेकंदाला २४ स्थिरचित्रे या वेगाने चित्रित झालेला चित्रपट पाल या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ चित्रांच्या वेगाने चालतो, त्यामुळे १३६ मिनिटांचा ‘टोकियो स्टोरी’ एकही दृश्य न गाळता साडेपाच मिनिटांनी आधी संपतो.

यानंतर दूरदर्शन संचाची चौकट पाहावी. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंदीची असते, आणि आजचे पडदे त्याहून बरेच रुंद असतात. डाव्या-उजव्या बाजूंना काळे पट्टे दिसणे हेच योग्य आहे. ते घालवण्यासाठी चित्र ताणले तर माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, आणि झूम केले तर वरून डोके आणि खालून जमीन कापली जाते. ओझूंच्या बाबतीत हा काही किरकोळ बिघाड म्हणता येत नाही, कारण त्यांचा कॅमेरा फार खाली ठेवलेला असतो. पाटावर जेवायला बसलेल्या माणसाला घर जसे दिसते तसे, किंबहुना त्याहूनही थोडे खालून, ते घर दाखवतात. खालची जमीन कापली की दिग्दर्शकाने आपल्यासाठी मांडलेली बैठकच काढून घेतल्यासारखे होते.

परीक्षणे मात्र आधी वाचू नयेत. देश, साल, दिग्दर्शक आणि लांबी एवढी माहिती पुरते.

पाहताना आणि पाहिल्यावर लगेच

पहिल्यांदा पाहताना मध्ये थांबू नये आणि काही लिहूही नये. चित्रपट संपल्यावर फोन हाती घेण्याआधी एका कागदावर आठवतील तशी सात-आठ वाक्ये उतरवावीत, आणि त्यांत ‘सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’, ‘संथ’, ‘अप्रतिम’ हे शब्द वापरायचे नाहीत असे स्वतःला बजावावे. एखादी वस्तू, एखादा आवाज, कोण कुठे बसले होते, कोण बोलता बोलता थांबले, इतकेच लिहावे. उदाहरणार्थ, ‘शहर दाखवण्याआधी धुराडी दाखवली’ हे वाक्य साधे दिसते, पण पुढे विचार करायला ते भक्कम आधार देते. याउलट ‘शहरी जीवनातील एकटेपणाचे प्रभावी चित्रण’ या वाक्यापासून पुढे कुठेही जाता येत नाही.

एक दृश्य पुन्हा पाहावे

माझ्या मते सगळ्या पद्धतीत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात. दुसऱ्या दिवशी सगळा चित्रपट न पाहता केवळ एक दृश्य तीनदा पाहावे : एकदा नुसते, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून.

आपण अतामीचे दृश्य घेऊ. आईवडिलांना घरात ठेवून घेणे जड जाऊ लागते, तेव्हा मुले वर्गणी काढून त्यांना अतामी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात. तिथल्या स्वस्त निवासात रात्रभर तरुण मंडळींचा गोंगाट चालतो आणि म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. सकाळी दोघे समुद्राकाठच्या बांधावर शेजारी शेजारी बसतात. दोघांच्या अंगावर निवासाचेच, एकसारखे सुती अंगरखे आहेत. ते एकमेकांकडे फारसे पाहत नाहीत, दोघांची तोंडे एकाच दिशेला आहेत. आता घरी परतावे असे ठरते. उठताना आईला घेरी येते, ती क्षणभर खाली बसते, काही विशेष नाही असे सांगते आणि पतीच्या मागून बांधावरून चालू लागते.

आवाज बंद करून पाहिले, की दोन पाठमोऱ्या आकृतींचे एकसारखेपण आधी जाणवते, आणि म्हणूनच त्यांतली एक आकृती मध्येच मोडते तो क्षण अंगावर येतो. डोळे मिटून ऐकले, की रात्रीच्या गोंगाटानंतर सकाळ किती रिकामी आहे हे कळते. पुढे येणाऱ्या मृत्यूची सूचना इथे एका घेरीत आहे, आणि दिग्दर्शक तिच्यावर बोट ठेवत नाही. त्या क्षणी आईच्या चेहऱ्याचा मोठा क्लोजअप नाही, संगीताचा आघातही नाही. हे सगळे लिहून झाल्यावर ‘या दृश्याने मला अस्वस्थ केले’ असे म्हटले तर त्या वाक्याला वजन येते, कारण वाचणाऱ्याला अस्वस्थतेचे कारण दिसलेले असते.

आठवणीवर भिस्त ठेवू नये याचा धडा मला याच चित्रपटाने दिला. ‘या चित्रपटात कॅमेरा एकदाही हलत नाही’ असे वाक्य मी पहिल्या टिपणात ठामपणे लिहिले होते. चर्चेत एका मैत्रिणीने टोकियोतल्या उएनो भागातल्या दृश्याची आठवण करून दिली. रात्री जायला ठिकाण उरलेले नाही, म्हणून दोघे म्हातारे उघड्यावर बसलेले असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचताना कॅमेरा भिंतीच्या कडेने हळूच सरकतो. आता आपण बेघरच झालो, असे वडील हसत म्हणतात ते याच प्रसंगात. जवळजवळ सर्वत्र स्थिर राहणारा कॅमेरा या दोघांना आसरा उरलेला नसताना हलावा, ही गोष्ट माझ्या चुकीच्या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाची होती आणि ती माझ्या हातून निसटली होती. ‘कधीच नाही’, ‘नेहमी’, ‘प्रत्येक’ हे शब्द लिहिताना चित्रपट पुन्हा लावून खात्री करावी.

उपशीर्षकांच्या पलीकडे

आपण परभाषेतला चित्रपट बहुधा इंग्रजी उपशीर्षकांतून पाहतो, म्हणजे एका गाळणीतून पाहतो, याची जाणीव लेखनात असावी. ‘टोकियो स्टोरी’तले आईवडील ओनोमिचीच्या बोलीत बोलतात आणि टोकियोत स्थिरावलेल्या मुलांचे बोलणे शहरी आहे. हा फरक उपशीर्षकांत पुसला जातो. मालवणातल्या किंवा वऱ्हाडातल्या आजोबांचे बोलणे सरसकट पुस्तकी मराठीत छापले तर काय हरवेल, याची कल्पना मराठी वाचकाला सहज करता येईल. जपानी येत नसले, तरी दोन पिढ्यांच्या बोलण्याचा हेल वेगळा आहे का, हे कानाने टिपता येते.

शीर्षकांचेही तसेच आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या चित्रपटाचे इटालियन नाव ‘सायकलींचे चोर’ असे अनेकवचनी आहे. अमेरिकेत ते ‘सायकलचोर’ असे एकवचनी झाले. ज्याची सायकल चोरीला जाते तोच शेवटी सायकल चोरायला हात घालतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या अनेकवचनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून लिहिताना मूळ नावाचा अर्थ शोधून द्यावा. माणसांची नावेही इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने न लिहिता मूळ उच्चार ऐकून देवनागरीत लिहावीत.

लेखन

टिपणाची सुरुवात कथानकाने करू नये. निवडलेल्या दृश्याने करावी, त्यानंतर कथानक तीन-चार वाक्यांत सांगावे आणि मग आपले म्हणणे मांडावे. शेवट उघड करणार असाल तर माझ्याप्रमाणे आधीच तसे सांगावे. साल, लांबी आणि नावे पुन्हा तपासावीत. पार्श्वभूमी वाचायची ती या टप्प्यावर वाचावी आणि तिच्यातले जेवढे आपल्या दृश्याला उजेड देते तेवढेच घ्यावे. सून नोरिको हिचा नवरा युद्धात गेल्याला आठ वर्षे झाली आहेत आणि तरीही सासूसासऱ्यांची सर्वांत आस्थेने विचारपूस तीच करते, एवढे कळायला १९४५ साल ध्यानात असले तरी पुरते. जपानचा सगळा युद्धोत्तर इतिहास टिपणात ओतायची गरज नाही.

एक मोह मराठी लेखकाला इथे हमखास होतो. म्हातारे आईवडील आणि दूर गेलेली मुले हा विषय आपल्या रंगभूमीवर आणि पडद्यावर इतका आला आहे, की ‘आपल्याकडेही हेच घडते’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. साम्य अवश्य सांगावे, पण त्याच्या पाठोपाठ फरकही शोधावा. आपल्याकडच्या अशा कथांत बहुधा अपमानाचा मोठा प्रसंग असतो आणि वडील तो बोलून दाखवतात. इथे तसा स्फोट कुठेच होत नाही.

इतरांपुढे मांडताना

फिल्म सोसायट्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करत आहे, आणि १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे जगभरचे चित्रपट पाहणाऱ्यांची पिढीच्या पिढी घडली. असे मंडळ जवळ नसेल तर घरात सहा-सात माणसे जमवली तरी काम होते. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपल्या मनात राहिलेली एकच प्रतिमा सांगावी आणि मत अजिबात देऊ नये. अबोल माणसेही यामुळे बोलतात आणि जास्त चित्रपट पाहिलेल्यांचा दबाव राहत नाही.

मतभेद झाला, की ‘तुम्हाला असे कोणत्या दृश्यावरून वाटले?’ असे विचारावे आणि ते दृश्य सर्वांनी पुन्हा पाहावे. थोरली मुलगी शिगे हिच्यावरून वाद होतोच. तिचे केशभूषेचे दुकान आहे. गिऱ्हाइकाने विचारल्यावर ती आईवडिलांची ओळख गावाकडची माणसे म्हणून करून देते, नवऱ्याने त्यांच्यासाठी महाग मिठाई आणली म्हणून कुरकुरते, आणि आईच्या अंत्यविधीनंतर जेवतानाच आईचे कपडे मागते. एवढ्यावर कोणीही तिला निष्ठुर ठरवील. पण आई गेल्यावर हुंदके देऊन रडतेही तीच, आणि ते रडणे खोटे नाही. जे टिपण या दोन्ही शिगेंना सामावून घेत नाही ते अपुरे आहे, आणि बहुतेकांना ते चर्चेतच उमगते. चर्चेत हाती आलेले असे मुद्दे ज्याचे त्याच्या नावाने टिपणात घालावेत.

टिपणाखाली तारीख घालावी. काही वर्षांनी चित्रपट पुन्हा पाहिला तर जुने न खोडता त्याखाली नव्या तारखेने लिहावे. ‘टोकियो स्टोरी’च्या आरंभी प्रवासाची बांधाबांध चालू असताना हवेची उशी सापडत नाही. ती तुझ्याकडे दिली असे वडील म्हणतात, माझ्याकडे नाही असे आई म्हणते, आणि शेवटी ती वडिलांच्याच सामानात सापडते. या शोधाशोधीत शेजारीण खिडकीत येऊन दोन शब्द बोलून जाते. शेवटी तीच शेजारीण त्याच खिडकीत येते आणि खोलीत वडील एकटे बसलेले असतात. माझ्या पहिल्या टिपणात उशीचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या तारखेखालचे पहिले वाक्य तिच्याविषयीच आहे.