जुन्या लक्झरी गाडीचं लेदर आणि लाकूड तपासायला शिकताना

ठाणे-नवी मुंबईत जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वारच्या खरेदी-विक्रीत किंवा डिटेलिंगमध्ये (गाडीची बारकाईने सफाई-दुरुस्ती) नव्याने उतरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बोटांना शिकवावी. सीटवर हात फिरवला की हाताला बहुतेक वेळा लागतो तो रंगाचा थर, आणि डॅशबोर्डच्या लाकडावर फिरवला की लागतं ते लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. कातडं आणि लाकूड त्याखाली असतं. नुसता वरचा थर गेलाय की खालचा माल, हे ओळखता आलं की दुरुस्तीचा खर्च सांगता येतो आणि गाडीचा भावही.

तपासणी दिवसाउजेडी, सावलीत करा. सीट चकाकत असेल तर तिथेच थांबा. बहुतेक नवं लेदर मंद असतं. चमक येते ती अंगाच्या तेलाची, नाहीतर विकण्याआधी मारलेल्या सिलिकॉन ड्रेसिंगची. पांढरं मायक्रोफायबर कापड सौम्य, पीएच न्यूट्रल क्लीनरमध्ये ओलं करून ड्रायव्हर सीटच्या कडेला पुसा. कापडावर करडा-तपकिरी डाग आला तर तो मळ. सीटचाच रंग उतरला तर बहुधा कोणीतरी कच्चा रंग मारून गाडी विकायला काढली आहे.

मग खरं लेदर की रेक्झिन? मर्सिडीजचं आर्टिको आणि बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक हे कंपनीनेच बसवलेलं रेक्झिन. टिकायला चांगलं, पण त्याला लेदरचा भाव लावायचा नसतो. अनेक 'लेदर सीट' गाड्यांतही बसायचा भागच लेदरचा असतो. बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा. अंगठा दाबून सुरकुत्या बघायची (पडल्या तर लेदर) पद्धत सगळे सांगतात, पण जाड रंगाखाली ती फसते. सीटखाली हात घालून कव्हरची दुमडलेली कड शोधा: लेदरची मागची बाजू स्वेडसारखी तंतुमय असते, रेक्झिनला मागे विणलेलं कापड असतं. लायटरने जाळून बघू नका. गाडी दुसऱ्याची आहे.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून सर्वात आधी झिजते ती त्याच्या सीटची उजवी, दाराकडची उभार कड. उतरताना-चढताना मांडी रोज तिथेच घासते. नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ती सुरकुती, लेदरला असणारच. अडकलं आणि फटीत फिकट तंतू दिसले तर रंग फुटून तडा कातड्यात गेला. मीटर ३०,००० किलोमीटर दाखवतंय, पण ही कड फुटलेली, स्टिअरिंगचं लेदर गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचं रबर घासलेलं असेल, तर मीटरवर विश्वास न ठेवता सर्व्हिस रेकॉर्ड मागा.

नुसता रंग गेला असेल तर काम असं होतं. आधी स्वच्छता, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल आणि सिलिकॉन काढणं, ६०० ते ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात, तड्यात फिलर पातळ थरांत, पुन्हा पेपर. रंगाचा पहिला थर स्पंजने दाबून, पुढचे तीन-चार एअरब्रशने, प्रत्येक थर वाळवून. शेवटी क्रॉसलिंकर (थर टणक करणारं रसायन) घातलेला मॅट टॉपकोट. काम बिघडतं ते बहुधा तयारीत. आधी कंडिशनर लावलेला असेल आणि तेल नीट निघालं नसेल तर रंग आठवड्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. घरी मॅजिक स्पंजने बेज सीट घासणारेही असतात; तो स्पंज बारीक पॉलिश पेपरच असतो, जीन्सच्या निळ्या डागाबरोबर रंगही नेतो. टॉपकोटनंतर किमान २४ तास बसू देऊ नका, जुलैत त्याच्या दुप्पट.

पावसाळा इथला खरा शत्रू. खाडीकाठची हवा आणि महिनाभर बंद गाडी म्हणजे शिवणीत, सीटबेल्टवर, सीटखाली पांढरी-हिरवी बुरशी. ती पुसता येते, पण कुबट वास पुसून जात नसेल तर कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. ओला लागला, सीटच्या रुळांना गंज दिसला आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या बेल्टच्या टोकाला गाळाची रेघ सापडली तर गाडी पाण्यात उभी होती. अनेक लक्झरी गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालवणारे डबे) सीटखाली किंवा कार्पेटखाली असतात. अशा गाडीचं लेदर कितीही सुंदर असो, सोडून द्या.

सीट कव्हर बदलताना साइड एअरबॅग विसरू नका. तो बहुतेक गाड्यांत पाठीच्या कडेला असतो आणि तिथली शिवण एअरबॅगच्या दाबाने फाटेल अशी मुद्दाम केलेली असते. कव्हरवाल्याने तिथे जाड दोऱ्याने पक्की शिवण मारली किंवा वरून सलग कव्हर चढवलं तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही. सीट काढण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवा, त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे थांबा, मगच पिवळ्या कनेक्टरला हात लावा. इथे घाई करणाऱ्याकडे काम शिकू नका.

लाकडाकडे या. खरं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकच्या बैठकीवर चिकटवलेलं. छापील नकलेत तीच गाठ, तीच रेघ दुसऱ्या पट्टीवर पुन्हा दिसते. खऱ्यात डावी-उजवी पट्टी फार तर आरशासारखी जुळवलेली असते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. लॅकरमध्ये केसासारख्या रेषा असतील पण खालचं लाकूड एकसारख्या रंगाचं असेल, तर उन्हाने लॅकर फुटलंय आणि पट्टी वाचते. रेषेखाली पांढुरकं किंवा करडं दिसलं तर ओल विनिअरपर्यंत गेली. ते काम महाग आणि डाग जाईलच याची खात्री नाही.

पॉलिशिंगला अनेक जण पट्ट्या फर्निचरवाल्याकडे देतात. पीयू (पॉलियुरेथेन) आणि पॉलिएस्टर पॉलिशवर त्यांचा हात बसलेला असतो, पण गाडीत उन्हाला टिकणारा, दोन भागांचा यूव्ही-रोधक क्लिअर (पारदर्शक थर) लागतो. तो मारेल का, हे आधी विचारा. जुनं लॅकर घासताना विनिअर पार झालं तर पट्टी संपली, आणि दुसऱ्या गाडीची पट्टी आणली तर रेषा जुळत नाहीत. शेवटचा हात १०००, १५००, २००० वॉटर पेपर आणि कंपाउंड. ओपन पोअर, म्हणजे छिद्रं उघडी ठेवलेल्या लाकडाला मात्र कंपाउंड आणि वॅक्स लावू नका. ते छिद्रांत पांढरं होऊन बसतं आणि टूथब्रशनेही निघत नाही.