स्कुबाचं सामान कसं सांभाळायचं आणि बोटीवर हसं कसं टाळायचं

नाशकात राहून स्कुबा करायचं म्हणजे मुळात समुद्रच नाही इथे. मालवण गाठायचं तर रात्रभर गाडीत काढायची, म्हणून वर्षातून एकदा, फार तर दोनदा डाइव्ह होतो आणि मधल्या दहा महिन्यांत हात सगळं विसरून बसतात. रामकुंडात नाण्यांसाठी बुड्या मारणारी पोरं एका चड्डीवर भागवतात, आपल्याला मात्र पंधरा वस्तू लागतात आणि त्यातली एक तरी दगा देतेच. खाली जे सांगतोय ते कोर्स केलेल्यांसाठी, कोर्स नसेल तर आधी तो करा.

सुरुवात घरीच, निघायच्या आठ दिवस आधी. सगळं सामान हॉलमध्ये चादरीवर मांडा, ज्या क्रमाने अंगावर चढतं त्याच क्रमाने. खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी बघा, फिन्सचे, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यांचे, पट्टे ताणून बघा, तडा असेल तर आत्ताच दिसेल. नवा मास्क घेतला असेल तर काचेवर कारखान्यातला एक थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून चोळून काढायचा, दोन-तीन वेळा. मी पहिल्या वेळी हे केलंच नव्हतं, पाण्याखाली वीस मिनिटं फक्त धुकं बघितलं, बायको वर येऊन कासवाचं वर्णन करतेय आणि मी नुसता हो हो म्हणतोय.

मिशीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला चिकटली तरच पाणी थांबतं, मध्ये केस आले की नाकाशी हळूहळू पाणी भरतंच. मिशी काढायची गरज नाही, नाकाच्या अगदी खाली एक बारीक रेघ वस्तऱ्याने मोकळी करायची, बस. डोक्याचे केसही कडेखाली अडकलेले नकोत.

आता बोट. इथे एकच नियम, आणि माझ्या सगळ्या फजित्या तो मोडल्यामुळे झाल्यात: सामान जोडताना मध्ये कोणी हाक मारली, फोटो काढूया म्हणाला, चहा दिला, तर परत पहिल्यापासून बघायचं. जिथे सोडलं तिथून पुढे नाही.

आधी बीसीडीचा, म्हणजे सिलिंडर पाठीवर धरणाऱ्या हवा भरायच्या जाकिटाचा, पट्टा ओला करा आणि मग सिलिंडरवर आवळा, कारण कोरडा पट्टा पाण्यात गेल्यावर सैल होतो. आवळून झाला की बीसीडीला धरून सगळं उचलून हलवा, सिलिंडर घसरलं नाही पाहिजे. माझं तरणतलावात प्रॅक्टिस करताना घसरलं होतं, पाठीवरून निसटून मागे शेपटीसारखं लोंबत होतं आणि मला पत्ताच नाही, सर मागून येऊन धरेपर्यंत. मग सिलिंडरच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग, म्हणजे रबराची बारीक कडी, जागेवर आहे का बघायचं, व्हॉल्व्हचं तोंड बीसीडीच्या बाजूला, आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं नळ्यांचं यंत्र, असा बसवायचा की तोंडात धरायची नळी उजव्या खांद्यावरून येईल, हवेचा दाब दाखवणारं गेज डावीकडे. उलटा बसवला तर सगळ्या नळ्या चुकीच्या बाजूला येतात आणि बोटीवरच्या प्रत्येकाला ते तुमच्या आधी दिसतं.

व्हॉल्व्ह हळू उघडा, पूर्ण उघडा. मग गेजकडे बघत चार-पाच श्वास घ्या. 200 बारच्या आसपास काटा पाहिजे आणि स्थिर पाहिजे, श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. नुसता आकडा बघून समाधान मानू नका. आणि जोडलेलं सिलिंडर उभं सोडून जाऊ नका, आडवं ठेवा, लाटेने बोट हलली की ते कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्यावर पडतं.

वेटसूटची, म्हणजे अंगाला चिकटून बसणाऱ्या रबरी सूटची, चेन बहुतेक वेळा पाठीवर येते, पोटावर नाही. हसू नका, मी घातलाय उलटा. पाय आत जात नसेल तर पायात प्लास्टिकची पिशवी घालून सरकवा, झटक्यात जातो.

वेटबेल्ट, म्हणजे बुडता यावं म्हणून कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा, हा सगळ्यात बदनाम. एकदा पाठमोरी उडी मारली आणि पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधतात ना, तसा वरच तरंगत राहिलो, बेल्ट बोटीतल्या बाकाखाली. तांडेल शांतपणे म्हणाला, शिसं हयसर आसा. तेव्हापासून बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, पोटाला मी आणि माझ्या पोटाला तो हात लावून बघतो. अजून एक, तलावात जेवढं वजन पुरतं तेवढं समुद्रात पुरत नाही, खारं पाणी जड असतं आणि माणूस जास्त तरंगतो, दोन-एक किलो वाढवावं लागतं.

फिन्स सगळ्यात शेवटी, बोटीच्या कडेला बसूनच. घालून चालायचंच असेल तर उलटं चाला. पाण्यात असताना मास्क कपाळावर चढवू नका, एक लाट आली की गेला, आणि कपाळावरचा मास्क बघून बोटवाल्यांना वाटतं माणूस घाबरलाय. गळ्यात सोडा.

डाइव्ह झाल्यावर लगेच घरी निघू नका. परतीला घाट लागतोच, आंबोली जवळपास 700 मीटर उंच आणि नाशिक स्वतः 600 च्या आसपास, पाण्याखाली श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन शिल्लक असताना उंचीवर जाणं बरं नाही. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह असतील तर 18 तास सांगतात, मी घाटालाही तेच लावतो. म्हणजे एक रात्र मुक्काम, आणि त्या रात्रीत सामान धुऊन वाळतं.

धुताना गोडं पाणी. रेग्युलेटर बादलीत टाकायच्या आधी त्याच्या सिलिंडरला जोडायच्या टोकाचं टोपण पुसून कोरडं करून घट्ट लावा. मी टोपण न लावता बुडवला होता, आत पाणी गेलं आणि सर्व्हिसिंगचा भुर्दंड बसला. भिजत असताना तोंडाकडचं बटणही दाबू नका, तिथूनही पाणी आत जातं.

वेटसूट सावलीत वाळवायचा, उन्हात रबर कडक होतं. आमचा मी पहिल्यांदा गॅलरीत हँगरला पूर्ण लांब लटकवला होता, काळा, हातापायांसकट, आणि पहाटे दूध घ्यायला निघालेल्या समोरच्या काकूंनी जी किंकाळी मारली तिने अख्खी सोसायटी खाली उतरली. आता कमरेतून दुमडून जाड हँगरवर टाकतो, आणि काकूंना आदल्या रात्री सांगून ठेवतो.