घरच्या घरी फ्रेंच चॉकलेट मूस कसं करावं

चॉकलेट मूससाठी जिलेटिन, कॉर्नफ्लोअर किंवा डब्यातलं व्हिप टॉपिंग आणायला सांगणारी पाककृती दिसली, की ती तिथेच सोडून द्या. फ्रान्समध्ये घरोघरी होणाऱ्या मूसला लागतात डार्क चॉकलेट, अंडी आणि चिमूटभर मीठ. कोणी थोडं लोणी घालतं, कोणी साखर, पण मूसचा हलकेपणा येतो तो फक्त फेटलेल्या अंड्यातल्या हवेमुळे. चॉकलेटची खरी चव इतक्या थेट देणारं दुसरं गोड मला माहीत नाही, आणि त्याला ओव्हनही लागत नाही.

प्रमाण असं: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ६ अंडी, चिमूटभर मीठ. चॉकलेट ७० टक्के कोकोचं असेल तर २० ग्रॅम साखर, ५५-६० टक्क्यांचं असेल तर साखर नकोच. अंडी अगदी लहान असतील तर ७ घ्या. एवढ्यात सहा जणांचं पोटभर होतं.

चॉकलेट घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटकांमध्ये कोको बटर हवं. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड. केकच्या सामानाच्या दुकानात स्वस्त स्लॅब मिळते ती बहुतेक वेळा हीच. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेला वितळतं आणि मूस जिभेवर विरघळतं. कंपाउंडमधल्या चरबीचा मेणासारखा थर टाळूला चिकटून राहतो. मूसमध्ये चव लपवायला दुसरं काहीच नसतं, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

अंडी फ्रीजमधून तासभर आधी काढा. पांढरं आणि बलक वेगळे करा. पांढऱ्यात बलकाचा थेंबही जाऊ देऊ नका आणि भांडं तेलकट नको. चॉकलेट बारीक चिरून डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, वितळवा, वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू न देता. वाफेचे थेंब आत पडू देऊ नका. वितळलं की उतरवा.

आता कठीण टप्पा. चॉकलेटमध्ये आधी बलक आणि मग फेटलेलं पांढरं मिसळणं, एवढंच ते काम. मूस बिघडतं ते बहुतेक इथेच. हाताला हे बसायला वेळ लागतो, मलाही लागला.

बलक घालताना चॉकलेट कोमट हवं, ४० अंशांच्या आसपास. बोट बुडवलं तर जेमतेम ऊब जाणवावी. जास्त गरम असेल तर बलक शिजून गुठळ्या होतात. थंड असेल तर चॉकलेट ताठरतं. बलकात जवळजवळ निम्मं पाणी असतं, आणि थोडं पाणी चॉकलेटला फार वाईट. त्यातले साखरेचे आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात, आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसतं. असं झालं तर लोणी किंवा तेल ओतू नका, ते फुटून वेगळं होतं. एक-दोन चमचे गरम पाणी किंवा कोरी कॉफी घालून जोरात ढवळा. थोड्या पाण्याने आवळलेलं चॉकलेट आणखी पाण्याने सुटतं. एकदा करून पाहाल तेव्हाच पटेल.

पांढरं अगदी शेवटी फेटा, कारण फेटून ठेवलं की त्याला पाणी सुटतं. मीठ घालून सुरुवात हळू करा, फेस आला की साखर असेल तर ती घाला आणि वेग वाढवा. ‘भांडं उलटं केलं तरी पडू नये’ हा सल्ला जिथे तिथे दिलेला असतो. मूससाठी तो चुकीचा आहे. इतकं फेटलेलं पांढरं कोरडं पडतं, कापसासारखे तुकडे होतात, ते मोडायला जास्त ढवळावं लागतं, आणि त्यात मिळवलेली सगळी हवा जाते. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित खाली वळलं की थांबा. फेस ओलसर आणि चकचकीत दिसला पाहिजे.

मग या फेसाचा एक तृतीयांश भाग चॉकलेटमध्ये घाला आणि व्हिस्कने बिनधास्त ढवळा. या भागातली हवा जाणारच, जाऊ द्या. त्याचं काम चॉकलेट सैल करणं. हे वाचवायला गेलात तर उरलेला सगळा फेस घट्ट मिश्रणाखाली चिरडला जाईल. उरलेलं पांढरं दोन वेळा घाला आणि इथे व्हिस्क बाजूला ठेवून रबरी स्पॅच्युला घ्या. मध्यभागी कापत तळापर्यंत जायचं, तळ खरवडून मिश्रण वर आणायचं, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. ‘एकाच दिशेने ढवळा’ याला काही अर्थ नाही. दिशेने फरक पडत नाही, किती वेळा ढवळता याने पडतो. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की लगेच हात थांबवा. दोन-चार पांढरे ठिपके राहिले तरी चालतील. त्यांच्यामागे लागून सपाट झालेलं मूस सावरता येत नाही.

आणि रेंगाळू नका. डिसेंबरातल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात चॉकलेट बघता बघता गार होतं, आणि गार चॉकलेटला फेस लागला की त्याचे कडक कण होतात.

एका मोठ्या भांड्यात ओता, झाका, फ्रीजमध्ये किमान ५ तास, शक्यतो रात्रभर ठेवा. झाकण घट्ट हवं, चॉकलेट शेजारच्या कांद्याचा वास ओढून घेतं. छोट्या ग्लासांत सजवण्यापेक्षा मला मोठं भांडंच आवडतं. पॅरिसच्या मारे भागातलं शे जानू हे रेस्टॉरंट मूसच्या अशाच भल्यामोठ्या भांड्यासाठी प्रसिद्ध आहे. वर चेरी, स्प्रिंकल्स, सिरप काहीही नको.

यात अंडी कच्ची राहतात, हे गंभीरपणे घ्या. ताजी, न तडकलेली अंडी वापरा, मूस २४ तासांत संपवा, आणि गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर किंवा आजारी माणसांना देऊ नका.

त्यांच्यासाठी आणि अंडी न खाणाऱ्यांसाठी एर्वे तिस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची कृती आहे. निकोलस कुर्ती यांच्यासोबत १९८८मध्ये मॉलिक्युलर गॅस्ट्रोनॉमी ही स्वयंपाकामागचं विज्ञान अभ्यासणारी शाखा मांडणारे तेच. त्यांच्या मूसमध्ये फक्त चॉकलेट आणि पाणी. भरपूर पाण्यात वितळलेलं चॉकलेट क्रीमसारखं वागतं आणि गार करत फेटलं की हवा धरतं. २०० ग्रॅम चॉकलेट १८० मिली पाण्यात मंद आचेवर वितळवा. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा. काही मिनिटं पातळच राहील, मग अचानक दाटू लागेल. व्हिस्कच्या खुणा टिकू लागल्या की त्याच क्षणी थांबून वाटीत काढा. रवाळ झालं तर जास्त फेटलं गेलं, आणि दाटलंच नाही तर चॉकलेट कमी पडलं. रवाळ झालेलं नुसतं, न दाटलेलं थोडं चॉकलेट घालून, परत वितळवा आणि बर्फावर पुन्हा फेटा.