की-बोर्डमधील रिव्हर्ब, कोरस आणि डिले: जागेनुसार कसे लावावेत

श्रावणात कानबाईच्या रात्री खान्देशातील घराच्या ओसरीत वाजणारा की-बोर्ड पुढे लग्नसराईत फरशी लावलेल्या मंगल कार्यालयात जातो, आणि वाजवणारा बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच सेटिंग ठेवतो. ओसरीत गोड वाटलेला तोच आवाज कार्यालयात मात्र गढूळ होतो. की-बोर्डचे इफेक्ट, म्हणजे रिव्हर्ब, कोरस आणि डिले, वापरताना टोन (निवडलेल्या वाद्याचा आवाज) कोणता आहे याइतकाच जागा कोणती आहे याचा विचार करावा लागतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुका या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

सुरुवात इफेक्ट बंद करून करावी. यामाहाच्या पीएसआर मालिकेतील बहुतेक साध्या की-बोर्डांवर 'फंक्शन' बटण दाबत गेले की रिव्हर्ब आणि कोरसची नावे पडद्यावर येतात. इतर कंपन्यांच्या की-बोर्डांवर हीच कामे 'इफेक्ट' किंवा 'डीएसपी' अशा नावांखाली सापडतात. सर्व पातळ्या शून्यावर आणाव्यात, हार्मोनियमचा टोन घ्यावा आणि एखादी सोपी ओळ संथपणे वाजवावी. हा कोरडा आवाज एकदा कानात बसला की पुढे आपण काय मिसळत आहोत ते कळते. पातळीचे आकडे बहुधा 0 ते 127 असतात, कारण 1983 साली आलेल्या मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश देण्याच्या पद्धतीत एका नियंत्रणाला 128 पायऱ्या मिळतात.

आता रिव्हर्ब. बंद जागेत सूर भिंतींवर, छतावर आणि जमिनीवर आपटून असंख्य लहान प्रतिध्वनींच्या रूपाने परत येतो, त्या घुमण्याची नक्कल म्हणजे रिव्हर्ब. 'रूम' प्रकारात ही घुमण लवकर विरते, 'हॉल'मध्ये ती दोन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून जास्त रेंगाळते, तर 'प्लेट' हा प्रकार स्टुडिओतील ताणलेल्या पोलादी पत्र्याच्या घुमणीवरून आलेला आहे. कोणता घ्यावा हे ठरवण्यासाठी कार्यक्रमाच्या जागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. शेतात, अंगणात किंवा कापडी मांडवात टाळीचा आवाज तिथेच संपतो, म्हणून तेथे 'हॉल' प्रकार आणि 45 ते 60 च्या आसपासची पातळी शोभते. सिमेंटचे छत, फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या सभामंडपात टाळी मागे रेंगाळत राहते. तेथे खोलीने आपला रिव्हर्ब आधीच लावलेला असतो, त्यामुळे 'रूम' प्रकार घेऊन पातळी 20 च्या खाली आणावी, किंवा शून्यच ठेवावी.

जळगाव भागातील एका कार्यालयात मी घरची सवय म्हणून 'हॉल' 90 वर ठेवून अभंगाची साथ केली होती. रिकाम्या सभागृहात तपासताना आवाज भरदार वाटला होता, पण द्रुत तानेतले 'सा रे ग म' एकमेकांवर चढू लागले आणि गायकाचे शब्द त्याखाली दबले. मागच्या रांगेत बसलेले एक वृद्ध गृहस्थ मध्यंतरात जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, शब्द समजत नही." मी पातळी 15 वर आणली आणि पुढच्या अभंगात पखवाजाचे बोलही सुटे ऐकू आले. तेव्हापासून मी साथीदाराला की-बोर्डवर बसवून स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन ऐकतो. वाजवणाऱ्याच्या कानाशी असलेला स्पीकर हे खरे चित्र कधीच दाखवत नाही.

येथे साउंडवाल्याशी बोलून घेणे अत्यंत आवश्यक आहे. त्याच्या मिक्सरवर माइकसाठी 'इको' चालू असतो आणि तोच बऱ्याचदा की-बोर्डच्या चॅनेललाही लागलेला असतो. दोन रिव्हर्ब एकावर एक चढले की की-बोर्डवर काहीही कमी केले तरी गढूळपणा जात नाही. "की-बोर्डच्या चॅनेलचा इको पूर्ण बंद ठेवा," एवढे एक वाक्य कार्यक्रमापूर्वी सांगावे.

कोरसमध्ये मूळ सुराच्या प्रती किंचित उशिराने आणि सुरात अगदी थोडी लहर देऊन मिसळल्या जातात. भजनी मंडळात दहा जण एकच ओळ म्हणतात, पण कोणाचाही सूर आणि क्षण तंतोतंत जुळत नाही, म्हणून ती ओळ रुंद वाटते. कोरस हेच करतो. व्हायोलिनवृंद, पॅड (मागे लांबवत ठेवायचा मऊ आवाज) आणि इलेक्ट्रिक पियानो या टोनना तो शोभतो. हार्मोनियम, बासरी आणि सनईवर मी तो लावत नाही, कारण या वाद्यांचा सूर स्थिर आणि एकटा ऐकू यायला हवा. अहिराणी ओवीच्या साथीत तर कोरसची लहर सरळ बेसूर वाटते.

डिले म्हणजे वाजवलेला सूर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकू येणे. मोकळ्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 17 मीटरवरील भिंतीवरून तो सुमारे एक दशांश सेकंदाने परत येतो. डिले मात्र लयीशी जुळला पाहिजे. 60,000 ला टेम्पोने (एका मिनिटातील मात्रांनी) भागले की एका मात्रेचा वेळ मिलिसेकंदांत मिळतो: टेम्पो 80 असेल तर 750, टेम्पो 120 असेल तर 500. वेळ बदलता येत असेल तर हा आकडा किंवा त्याचा निम्मा घ्यावा. येत नसेल तर डिले संथ आलापापुरताच ठेवावा, कारण ठेक्याशी न जुळणारा डिले तबलजीलाही गोंधळवतो.

जोडणीकडेही लक्ष द्यावे. कोरस आणि रिव्हर्ब डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळे पसरलेले असतात. की-बोर्डला 'एल/मोनो' असे छिद्र असेल आणि एकच वायर असेल तर ती तेथेच लावावी. केवळ हेडफोनचे छिद्र असेल तर त्यात साधी मोनो पिन घालू नये, तिने एक बाजू शॉर्ट होते. स्टिरिओ पिनमधून दोन वायरी निघणारी केबल वापरावी.

शेवटी सेटिंग जतन करावे. बऱ्याच की-बोर्डांवर बंद करताच इफेक्ट मूळ आकड्यांवर जातात, आणि गावाकडे ऐन कार्यक्रमात लाइट गेली की हेच होते. 'रजिस्ट्रेशन' किंवा 'मेमरी'च्या पहिल्या बटणात मोकळ्या जागेचे आणि दुसऱ्यात बंद सभागृहाचे सेटिंग भरावे, बटणांखाली चिकटपट्टीवर तसे लिहावे, आणि घरी एकदा विजेची वायर काढून पुन्हा लावून दोन्ही आकडे टिकले आहेत का ते पाहावे.