विंडोज ११ वर जाताना स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे आजवर चालढकल केलेल्या अनेकांना आता विंडोज ११ कडे वळावे लागत आहे. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करणाऱ्याच्या दृष्टीने या प्रक्रियेतला अवघड भाग म्हणजे संगणक पुन्हा सुरू होतो तेव्हाची शांतता. टक्के दाखवणाऱ्या त्या पडद्यावर स्क्रीन रीडर चालत नाही. बहुतेक चुका एक तर या शांततेआधीची तयारी न केल्याने होतात, नाहीतर शांतता पसरल्यावर धीर सुटल्याने.

दुसऱ्या प्रकारची चूक मी स्वतः केली आहे. पाऊण तास लॅपटॉपमधून अक्षरही ऐकू आले नाही, तेव्हा तो अडकला असे समजून मी पॉवरचे बटण दाबून धरले आणि पुढचा सगळा दिवस तो पुन्हा मार्गावर आणण्यात गेला. पुढच्या वेळी मी तळाशी हात ठेवून पंख्याची ऊब तपासत राहिलो आणि फोनमधल्या सीइंग एआय या मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपचा कॅमेरा पडद्यासमोर धरला. ‘६३ टक्के’ असे त्याने वाचले आणि पंधरा मिनिटांनी ‘७१ टक्के’. आकडा पुढे सरकत असेल तर हात लावू नये. मध्ये संगणक दोन-तीनदा बंद होऊन सुरू होतो, तेही अपेक्षितच आहे. लॅपटॉप मात्र चार्जरला जोडलेला असावा.

तयारीतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे यंत्र पात्र आहे की नाही हे न पाहता सुरुवात करणे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरने संगणक सुरू करण्याची सोय) लागते, आणि पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे मोफत साधन ही तपासणी करून देते. अडचण अशी की टीपीएम यंत्रात असूनही बंद ठेवलेले असू शकते आणि ते सुरू करायचे तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावे लागते, जिथे एनव्हीडीए किंवा जॉज चालतच नाही. हे काम डोळस व्यक्तीला शेजारी बसवून किंवा बी माय आइज या डोळस स्वयंसेवकांशी जोडून देणाऱ्या ॲपवरून व्हिडिओ कॉल लावून करावे. कळा मोजून अंदाजाने बदल करणे धोक्याचे आहे. त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की फोनमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवावी, कारण असा बदल केल्यावर विंडोज सुरू होण्यापूर्वीच ती मागितली जाऊ शकते.

एनव्हीडीएच्या मेनूमधील साधनांमधून पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी आणि त्या वेळी आपली सेटिंग्ज सोबत घेण्याचा पर्याय निवडावा. तरीही केवळ या प्रतीवर विसंबू नये. साइन-इनचा पडदा आणि प्रशासकाची परवानगी मागणारी खिडकी वाचण्यासाठी संगणकावर बसवलेलीच प्रत लागते. ॲड-ऑनच्या, म्हणजे एनव्हीडीएला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या, बाबतीत घाई नको. वर्षातील पहिल्या आवृत्तीत, म्हणजे २०२५.१ सारख्या आवृत्तीत, जुनी ॲड-ऑन बंद पडू शकतात. म्हणून विंडोज आणि एनव्हीडीए एकाच संध्याकाळी बदलू नयेत, नाहीतर बिघाड कोणामुळे झाला हे कळत नाही.

अपग्रेडनंतर आवाज आला नाही की स्क्रीन रीडरलाच दोष दिला जातो. आधी कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबून नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर सुरू होतो का ते पाहावे. नॅरेटर बोलला तर ध्वनियंत्रणा ठीक आहे आणि कंट्रोल, ऑल्ट, एन दाबून एनव्हीडीए सुरू करता येतो. नॅरेटरही गप्प राहिला तर ध्वनीचा ड्रायव्हर किंवा निवडलेले साधन चुकीचे असण्याची शक्यता अधिक, अशा वेळी यूएसबी हेडफोन लावावा. ब्लूटूथच्या हेडफोनवर या टप्प्यात भिस्त ठेवू नये.

मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे. साइन-इनच्या वेळी कीबोर्ड मराठीवर असला तर अचूक टाइप केलेला पासवर्डही नाकारला जातो. विंडोज आणि स्पेस दाबून तो इंग्रजीवर आणावा. एनव्हीडीएचा आवाज बदललेला आणि मराठी मजकूर वाचत नसलेला आढळल्यास संश्लेषक (मजकुराचा आवाज बनवणारा भाग) म्हणून ईस्पीक एनजी निवडून त्यात मराठी लावावी.

पहिल्या आठवड्यात फाइलचा संदर्भ मेनू (राइट-क्लिकने उघडणारा) वेगळा वाटेल, कारण कट, कॉपी आणि नाव बदलणे आता वरच्या बटणांच्या ओळीत गेले आहे; शिफ्ट आणि एफ१० दाबले की जुना मेनू मिळतो. एवढ्यावरून परत फिरू नये. मात्र कार्यालयीन कामाचे एखादे सॉफ्टवेअर वाचलेच जात नसेल, तर सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्याखालील रिकव्हरीतून १० दिवसांच्या आत विंडोज १० वर परतता येते, फक्त तोवर डिस्क साफ करताना जुन्या विंडोजच्या फाइल्स पुसू नयेत.