काखेतली खाज: गुन्हेगार निघाली तुरटी

दोन्ही काखांत लाल चट्टे, घाम आला की आग. साबण बदलला, गजकर्णाचं मलम लावलं, शेवटी 'केमिकल नको' म्हणून डिओ सोडून तुरटीचा खडा धरला. चट्टे वाढलेच. वैताग नुसता.

कोल्हापुरात राजारामपुरीत दाढीनंतर तुरटी फिरवली आणि हनुवटीवर तीच खाज उठली, तेव्हा ट्यूब पेटली: डिओतलं अ‍ॅल्युमिनियम तुरटीतही असतंच, त्याचीच अ‍ॅलर्जी!

त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली ठेवून अ‍ॅलर्जी उठते का ते पाहणं. 48 तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा जागा जेमतेम गुलाबी. सातव्या दिवशी मात्र बारीक पुरळ स्पष्ट. तपासणीची ही शेवटची फेरी चुकवू नका.

मग आधी तुरटी बंद. नंतर लेबलवर 'अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट' किंवा 'पोटॅशियम अ‍ॅलम' असलेलं सगळं बाद. डॉक्टरांचं मलम दहा दिवस. तिसऱ्या आठवड्यात काख साफ.