गावात रक्तदान शिबिर आणि हळदीकुंकू एकाच दिवशी कसं घ्यावं

इंदूरहून देपालपूरकडे जाताना आमचं गाव लागतं. होळकरांच्या काळात इकडे आलेली काही मराठी घरं अजून गावात आहेत आणि त्यांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे गणपतीचे दहा दिवस, कोजागिरीचं दूध आणि उरलेलं वर्षभर वर्गणीवरून कुरबुर. त्यात आम्ही एक दिवस वाढवला : सकाळी रक्तदान, दुपारी दाल-बाफल्याची (डाळ आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे) पंगत, संध्याकाळी हळदीकुंकू. मराठी असो, मालवी असो, सगळं गाव येतं. बरीच वर्षं हे करतोय, म्हणून आजूबाजूच्या मंडळांचे चिटणीस फोन करून विचारतात. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मंडप, खुर्च्या, पंचायतीची परवानगी वगैरे ज्याला सांगावं लागतं, त्याने शिबिर घेऊच नये.

तारीख

राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन १ ऑक्टोबरला असतो, म्हणून शिबिरही त्याच दिवशी घ्या, असा सल्ला मिळतो. शहरात चालेल. माळव्यात तेव्हा सोयाबीन कापणीला आलेलं असतं, माणूस शेतावर आणि मजूर मिळत नाही म्हणून घरची बाईही शेतावर. शिवाय पितृपक्ष किंवा नवरात्र आसपास असतंच. जागतिक रक्तदाता दिन १४ जूनचा, तेव्हा उकाड्याने मंडपात बसवत नाही आणि सगळ्यांचे डोळे ढगांकडे.

संक्रांत ते रथसप्तमी हाच काळ धरा. गव्हाला पाणी देण्याची पाळी सोडली तर हात जरा मोकळे असतात, हवा थंड असते आणि हळदीकुंकवासाठी बायका एरवीही घराबाहेर पडतात. रविवार घ्या, पण पंचांग उघडून. एकादशी नको, तिळचतुर्थी नको. उपाशी पोटी रक्त देता येत नाही, आणि तिळचतुर्थीला निम्मं गाव इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीला गेलेलं असतं.

रक्तपेढी

परवाना असलेलीच बोलवा. इंदुरात एम. वाय. हॉस्पिटलच्या रक्तपेढीसकट पुष्कळ आहेत. डॉक्टर, खाटा, पिशव्या, शीतपेट्या त्यांच्या. खोली, वीज, पाणी आणि माणसं तुमची. महिनाभर आधी पत्र द्या, आठवडाभर आधी फोन करा.

आकडा

फ्लेक्सवर ‘१०१ युनिट रक्तदानाचा संकल्प’ छापू नका. आकडा एकदा छापला की कार्यकर्ते दुपारी बारानंतर माणसं ओढून आणायला लागतात आणि ओढून आणलेला माणूस डॉक्टरांपुढे खोटं बोलतो. हेल्मेट, कुकर, मिक्सर वाटणाऱ्या मंडळांना माझं तेच सांगणं. पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. पैशाच्या लोभाने माणसं आजार लपवतात म्हणूनच ते बंद झालं, मग तोच लोभ कुकरच्या डब्यात घालून परत कशाला आणायचा? प्रमाणपत्र, चहा, बिस्किट, पंगत. बास.

परत पाठवलेली माणसं

शिबिर फसतं ते इथे. रक्त देणारे मिळण्याची चिंता सगळे करतात. जे देऊ शकत नाहीत त्यांचं काय करायचं, याचा विचार कोणी करत नाही. आमच्या पहिल्या शिबिरात मीही केला नव्हता.

त्या वर्षी वीस-बावीस बायकांनी नावं दिली होती. माझ्या वहिनीचं नाव सगळ्यात वर. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहिलं आणि निम्म्याहून जास्त जणींना डॉक्टरांनी थांबवलं. यादी धरून बसवलेला आमचा पोरगा उत्साही. तो प्रत्येक वेळी माइकवरून ओरडायचा, ‘‘यह रिजेक्ट, नेक्स्ट!’’ मी शेजारीच उभा होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अमक्याची सून रिजेक्ट झाली. एका सासूबाईंनी तर मला घरी येऊन विचारलं, सुनेच्या रक्तात खोट आहे का, मुलाचं लग्न करताना आम्हाला फसवलं का? वहिनी दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. पुढच्या वर्षी एकही बाई आली नाही. बायका नाहीत म्हणून मुलं नाहीत, मुलं नाहीत म्हणून पुरुषही रक्त देऊन पंगतीला न थांबता शेतावर गेले. शंभर माणसांचा स्वयंपाक आम्ही रात्री वाटत फिरलो.

तेव्हापासून जे करतो ते सांगतो. यातलं एकही वगळू नका.

नियम आधी सांगा, घरोघर जाऊन. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देत असाल तर ६० च्या आत. वजन कमीत कमी ४५ किलो. हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त. आधीच्या रक्तदानाला पुरुषाचे ९० आणि बाईचे १२० दिवस झालेले हवेत. बाळंतपणाला वर्ष झालेलं नसेल किंवा मूल अंगावर पीत असेल तर नाही, पाळी सुरू असेल तर त्या दिवशी नाही. पुरुषांनाही त्यांची यादी ऐकवा : रात्रीची उतरलेली नसेल तर नाही, कुत्रं चावून इंजेक्शनं घेतली असतील तर वर्षभर नाही, जत्रेत हातावर नाव गोंदवून घेतलं असेल तरी वर्षभर नाही. पुरुषांची यादी मुद्दाम मोठ्याने वाचा. परत जाणारे फक्त बायकाच नसतात, हे गावाला कळू द्या.

सासूबाईंसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असेल तर तिला कमतरता आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत. रक्त द्यायला मात्र १२.५ लागतं. म्हणजे १२.२ वाली सून ठणठणीत असते आणि तरीही परत येते. हे मी त्या सासूबाईंना तेव्हाच सांगू शकलो असतो, पण मलाच माहीत नव्हतं.

तपासणी शिबिराच्या दिवशी पहिल्यांदा होऊ देऊ नका. आम्ही तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उपआरोग्य केंद्राच्या नर्सताईंना बोलावतो आणि अंगणवाडीत बायका-मुलींचं हिमोग्लोबिन बघून घेतो. कमी निघालं तर लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर गिळली तर लोह अंगाला लागत नाही, हे नर्सताई सांगतात आणि बायका चहाबरोबरच घेतात, म्हणून पुन्हा सांगा. लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि शौचाला काळं झालं तर घाबरून बंद करू नका. भरून यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा वेळ त्याचसाठी. गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर डॉक्टरांकडे पाठवा. आपल्या मध्यप्रदेशात, विशेषतः आदिवासी पट्ट्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्यात नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. त्याचं राष्ट्रीय अभियान २०२३ साली आपल्याच शहडोलहून सुरू झालं.

एक तंबी. हे सगळं तिच्या तब्येतीसाठी, तुमच्या पिशव्या वाढवण्यासाठी नाही. काठावरच्या बाईला ‘‘अजून एक महिना गोळ्या खा, मग देशील’’ असा आग्रह करणारा कार्यकर्ता दिसला की मी त्याला मंडप बांधायला पाठवतो.

आता जागेची मांडणी. नाव नोंदवायचं टेबल बाहेर, तपासणीची खोली वेगळी, दाराला जाड पडदा. आत डॉक्टर आणि ज्याची तपासणी तो एकच माणूस. नवरा नाही, सासू नाही, मंडळाचा अध्यक्ष तर नाहीच. आत पाळीचं विचारतात, दारूचं विचारतात, त्याहून नाजूकही विचारतात. खरं उत्तर हवं असेल तर कान कमी हवेत. रक्तपेढीला आधीच सांगून एक लेडी डॉक्टर मागून घ्या. तपासणीच्या खोलीला दुसरं दार हवं. रक्त दिलेला आणि न दिलेला, दोघेही त्याच दाराने त्याच चहाच्या टेबलाशी निघाले पाहिजेत. छातीला लावायचा बिल्ला नोंदणीच्या टेबलावरच द्या, सगळ्यांना एकच. ‘रक्तदाता’ असा वेगळा बिल्ला नको. सकाळभर माइक बंद.

‘रिजेक्ट’ आणि ‘फेल’ हे शब्द आमच्याकडे बंद आहेत. ‘‘आत्ता नाही, काकू, पुढच्या वेळी बघू,’’ एवढंच. आणि परत आलेल्या माणसाची समजूत घालत बसू नका, त्याने ते आणखी झोंबतं. काम द्या. रक्त दिलेल्यांना पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणं, हे आमच्याकडे परत आलेल्या बायकांचं खातं आहे. त्यांच्यापुढे उठून पळण्याची कोणाची हिंमत होत नाही. वहिनीने हे खातं सांभाळलं तेव्हापासून चक्कर येऊन पडणारे कमी झाले. (पडतात ते बहुधा मिशांना ताव देत आलेले. आडवं झोपवा, पाय उंच करा, पाच मिनिटांत ठीक होतात. भोवती गर्दी करू नका आणि व्हिडिओ काढू नका.)

खाणं

सकाळी पोहे, शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) हलक्या हाताने. जिलेबी नंतर. तुपात बुडवलेले बाफले रक्त देण्याआधी कोणाच्याही पोटात जाता कामा नयेत, फार तुपकट खाल्लं की रक्तातला पातळ भाग दुधाळ होतो आणि तो वापरता येत नाही. म्हणून बाफल्याची शेगडी अकरानंतर पेटवा. वास आधी सुटला की लोक ऐकत नाहीत.

पाहुणे

नेत्याला बोलवायचं तर पंगतीला. उद्घाटनाला बोलावलंत तर तो दोन तास उशिरा येईल, सकाळी आठला पोहे खाऊन आलेली माणसं तोवर भुकेली होतील आणि मग खाटेवरून उठताना भोवळ येईल.

मुलं

लगोरी, रस्सीखेच, पाणी वाटणं. सुया असलेल्या खोलीपासून लांब.

हळदीकुंकू

चारला सुरू करा. त्याच्या आत रक्तपेढीची गाडी गेलेली असावी, रक्ताचे घटक वेगळे करायचे तर पिशव्या काही तासांत पोचाव्या लागतात. वापरलेल्या सुया आणि पट्ट्या त्यांनीच न्यायच्या असतात, गाडीत चढलेल्या बघा. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या देऊ नका, घरात आधीच ढीग आहे. आम्ही गूळ-शेंगदाण्याची पुडी देतो. विधवा बायकांना बोलवायचं की नाही यावर आमच्याकडे दोन वर्षं वाद चालला. आता बोलवतो, आणि ज्यांना ते पटत नाही त्या उशिरा येतात, भेळ खाऊन जातात.

हिशेब

त्याच रात्री लिहा आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चिकटवा. वर्गणी किती, किराणा किती, मंडप किती. किती पिशव्या झाल्या तेही लिहा, पण सगळ्यात खाली. परत आलेल्यांची नावं कुठेही नकोत. ती एका वहीत, वही नर्सताईंकडे, आणि पुढच्या तुळशीच्या लग्नाला तीच वही पहिली उघडायची.

खुर्च्या मात्र रात्रीच मोजून मंडपवाल्याला परत करा. सकाळी मोजल्या की नेहमी दोन कमी भरतात.